दारापाशी पाच वर्षे : काळाराम सत्याग्रह आणि निषेधसाहित्याची परिभाषा

दलित साहित्याच्या मराठी समीक्षेत वेदना, नकार आणि विद्रोह ही त्रयी इतकी रुळली आहे की, एखादी कृती निषेधाची आहे की नाही हे ठरवताना समीक्षक बहुधा याच तीन शब्दांची पट्टी लावतो. भालचंद्र फडके यांच्या १९७७ च्या ग्रंथाचे शीर्षकच ‘दलित साहित्य : वेदना व विद्रोह’ असे आहे. त्यानंतरच्या विद्यापीठीय प्रबंधांनी ही परिभाषा जवळजवळ जशीच्या तशी उचलली. ती निरुपयोगी आहे असे कोणी म्हणणार नाही. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’तील (१९७२) भाषेचा स्फोट समजून घेताना तिची मदत होतेच. परंतु या तिन्ही संज्ञांमागे एक गृहीत दडलेले आहे आणि त्याची चिकित्सा फारशी झालेली नाही. ते गृहीत असे की निषेध म्हणजे उद्गार. वेदना कण्हते, नकार शब्द उच्चारतो, विद्रोह गर्जतो. जेथे माणसे काही न बोलता एका जागी बसून राहतात आणि त्यांचे तेथे असणे हाच निषेध असतो, तेथे या त्रयीला काय म्हणायचे आहे? नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचा मराठी साहित्याशी असलेला संबंध तपासू लागताच हा प्रश्न अटळ होतो.

सत्याग्रहाची हकिगत अभ्यासकांस परिचित आहे. तरी तिच्यातील काळाचे प्रमाण ध्यानात यावे म्हणून ती थोडक्यात नोंदवणे आवश्यक आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली नाशकात सभा भरली आणि सुमारे पंधरा हजार लोकांची, मैलभर लांबीची मिरवणूक मंदिराकडे निघाली. दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदावरीच्या घाटाकडे वळली व तेथे पुन्हा सभा झाली. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया यांची पहिली तुकडी मंदिराच्या चार दरवाजांपाशी बसली. महिनाभर दरवाजे उघडले नाहीत. ९ एप्रिलला रामनवमीच्या उत्सवातील रथयात्रा होती. रामाचा रथ स्पृश्य आणि अस्पृश्य यांनी मिळून ओढावा अशी तडजोड ठरली होती. पण अस्पृश्यांचे हात दोराला लागण्यापूर्वीच रथ पळवून नेण्यात आला, दगडफेक झाली, माणसे रक्तबंबाळ झाली. यानंतर आंबेडकर गोलमेज परिषदेच्या व इतर राजकीय कामांत गुंतले. प्रत्यक्ष लढ्याची धुरा भाऊराव (दादासाहेब) गायकवाड, अमृतराव रणखांबे, पतितपावनदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाहिली. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच जिल्ह्यातील येवल्याच्या परिषदेत, हिंदू म्हणून मरणार नाही हा निर्धार आंबेडकरांनी जाहीर केला आणि मंदिरप्रवेशाचा लढा आवरता घेण्यात आला. पाच वर्षे आणि सात महिने. एवढा काळ सलग बसणे झाले नाही, मध्ये खंड पडले, हे खरे. पण प्रत्येक खंडानंतर माणसे त्याच जागी परत आली.

या घटनाक्रमाकडे कथनाच्या अंगाने पाहिले असता एक विलक्षण गोष्ट दिसते. ज्या मार्च महिन्यात नाशकात माणसे दरवाजांपाशी बसली, त्याच महिन्याच्या १२ तारखेस गांधीजी साबरमतीहून निघाले आणि ६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचलून त्यांनी कायदा मोडला. दांडीयात्रेला कथेचा घाट जन्मतःच लाभला होता. प्रस्थान आहे, गावोगावचे मुक्काम आहेत, वाढत जाणारी गर्दी आहे, शेवटी समुद्र आहे आणि मूठभर मीठ आहे. वार्ताहराला रोज नवे गाव मिळे आणि कवीला रोज नवी पहाट. नाशिकच्या सत्याग्रहाला यातले काहीच नव्हते. तेथील सत्याग्रही चालत नव्हता, बसलेला होता. त्याच्यासमोर समुद्र नव्हता, बंद लाकडी दार होते. काल जे घडले तेच आज घडत होते, म्हणजे काहीच घडत नव्हते. अशा निषेधाला वृत्तमूल्य नसते आणि रूढ अर्थाने कथामूल्यही नसते. दोन्ही कृतींना ‘सत्याग्रह’ ही एकच संज्ञा लावली गेल्यामुळे त्यांच्यातील हा रूपभेद झाकला गेला आहे.

चरित्रकारांनी या अडचणीतून जो मार्ग काढला तो अपेक्षितच होता. धनंजय कीर यांच्या चरित्रात (इंग्रजी १९५४, मराठी १९६६) नाशिकचे प्रकरण मिरवणूक आणि रथ या दोन दृश्यांभोवती उभे आहे. कीरांची शैली मुळातच नाट्यपूर्ण, त्यामुळे रामनवमीचा प्रसंग वाचकाच्या डोळ्यांसमोर उभा राहतो यात शंका नाही. खैरमोडे यांचे बहुखंडी चरित्र कागदपत्रांच्या दृष्टीने कितीतरी समृद्ध आहे. तेथे तारखा, पत्रव्यवहार, समित्या यांचा तपशील मिळतो. तथापि शालेय पुस्तके, स्मरणिका, जयंतीची भाषणे आणि पुढे नाटुकली यांनी उचलला तो कीरांचा घाट. परिणामी मराठी वाचकाच्या मनात काळाराम सत्याग्रह म्हणजे मार्च–एप्रिल १९३० मधले दोन दिवस आणि ऑक्टोबर १९३५ मधला एक दिवस, असे तीन दिवसांचे चित्र तयार झाले. मधली पाच वर्षे त्या तीन दिवसांना जोडणारा रिकामा दोरा ठरली.

निषेधाच्या साहित्याने ठळक दृश्याच्या आहारी जाणे ही केवळ मराठीची अडचण नाही. वंशभेदाच्या राज्यव्यवस्थेशी झुंजणाऱ्या दक्षिण आफ्रिकेत हाच प्रश्न नेमक्या शब्दांत मांडला गेला. कथाकार आणि समीक्षक न्जाबुलो न्देबेले यांनी १९८४ मध्ये, म्हणजे त्या व्यवस्थेचा शेवट अजून दृष्टिपथात नसताना, ‘सामान्याचा पुनःशोध’ या आशयाचे शीर्षक असलेला निबंध सादर केला. रोलां बार्थ यांनी कुस्तीच्या खेळावर लिहिलेल्या प्रसिद्ध लेखाचा आधार घेऊन न्देबेले म्हणतात की, आपल्याकडील कृष्णवर्णीय लेखकांचे बरेच साहित्य हे एक ‘देखावा’ झाले आहे. अत्याचारी पोलीस, गोरा मालक, पीडित मजूर ही सारी पात्रे बाह्य खुणांनी ओळखता येतात, घटना प्रचंड असतात, वाचकाला विचार करायला वाव राहत नाही. जुलमी व्यवस्था स्वतःच इतकी भडक असते की लेखक तिचे प्रतिबिंब पाडतो आणि त्यालाच प्रतिकार समजतो. यावर न्देबेले यांचा उपाय असा की लेखकाने सामान्य माणसाच्या रोजच्या जगण्याकडे वळावे. कारण लढणारा माणूस लढ्याखेरीजही बरेच काही करत असतो, आणि उद्याचा समाज त्यातूनच घडायचा असतो.

हे विवेचन मराठीत आणताना सावधगिरी हवी. अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी दलित साहित्याची तुलना म. ना. वानखडे यांच्यापासून सुरू आहे आणि १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरने तर नावच तिकडून घेतले. पण तुलना बहुधा साम्यांवर थांबते. दक्षिण आफ्रिकेत विभक्ततेची प्रत्येक भिंत कायद्याच्या पुस्तकात नोंदलेली होती. कोणी कुठे राहावे याचा कायदा १९५० चा, सार्वजनिक सोयी वेगळ्या ठेवण्याचा कायदा १९५३ चा. दुसरा १९९० मध्ये आणि पहिला १९९१ मध्ये रद्द झाला, एप्रिल १९९४ मध्ये सर्व प्रौढांच्या मतदानाने निवडणूक झाली. तेथील लेखकाला व्यवस्थेच्या अंताची तारीख मिळाली. नाशकातील दरवाजा कोणत्याही अधिनियमाने बंद केलेला नव्हता. तो ‘वहिवाटी’ने बंद होता. ब्रिटिश जिल्हाधिकाऱ्याने वहिवाटीला शांततारक्षणाचे नाव दिले आणि तिच्यापुढे पोलीस उभे केले. राज्यसंस्था येथे भेदाची जननी नव्हती, राखणदार होती. पुढे मुंबई प्रांताचा मंदिरप्रवेश कायदा १९४७ मध्ये झाला, संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. कायद्यातला अंत आधी आला आणि व्यवहारातला अंत मागे राहिला. म्हणून मराठीतील निषेधसाहित्याला ‘व्यवस्था कोसळण्याच्या आदल्या दिवसाचे साहित्य’ असा विभाग पाडता येत नाही. त्याचा काळ मुळातच ताणलेला आहे.

हा ताणलेला काळ कोणत्या रूपांत नोंदला गेला? येथे एका साध्या वस्तुस्थितीकडे लक्ष वेधले पाहिजे. आंबेडकरांचे पाक्षिक ‘बहिष्कृत भारत’ १५ नोव्हेंबर १९२९ च्या अंकानंतर थांबले. ‘जनता’चा पहिला अंक २४ नोव्हेंबर १९३० रोजी निघाला. म्हणजे मिरवणूक, पहिली तुकडी, रामनवमीचा रथ हे सारे घडत असताना आंबेडकरांचे स्वतःचे नियतकालिक हाताशी नव्हते. महाडच्या वेळी अशी स्थिती नव्हती. मार्च १९२७ च्या परिषदेनंतर अवघ्या काही दिवसांत, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले आणि चवदार तळ्याच्या प्रकरणाचा अन्वयार्थ आंबेडकरांच्या अग्रलेखांतून सलगपणे लावला गेला. महाडला भाष्यकार लगेच मिळाला, नाशिकला पहिल्या नऊ महिन्यांत तो तसा मिळाला नाही. महाड मराठी साहित्यात आधी आणि अधिक ठसठशीतपणे उतरले याची अनेक कारणे असतील. त्यांत पाणी या प्रतिमेचे सामर्थ्य हे एक नक्कीच आहे. पण नियतकालिकाचा अभाव हेही त्यांतील एक मानावे लागेल.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. ज्या दारासाठी लढा झाला ते दार लढणाऱ्यांनीच पुढे नाकारले. ३ मार्च १९३४ रोजी आंबेडकरांनी गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात या नकाराची मीमांसा आहे. अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून, किंवा देवळात गेल्याने ते समान होतील म्हणून, ही चळवळ सुरू केलेली नव्हती. त्यांच्यात चैतन्य निर्माण करण्याचा आणि त्यांना स्वतःच्या स्थितीची जाणीव करून देण्याचा तो सर्वोत्तम मार्ग वाटला. ते काम झाले असल्याने आता मंदिरप्रवेशाचे प्रयोजन उरले नाही, शक्ती राजकारण आणि शिक्षण यांकडे वळवावी, असा त्या पत्राचा आशय आहे. हे पत्र लढ्यानंतरचे समर्थन आहे असा आक्षेप घेता येईल. पण आक्षेप घेणाऱ्याने १९३२ च्या सप्टेंबरमधील पुणे करार आणि त्यानंतरचे वातावरण विसरू नये. मंदिरप्रवेश हा आता सवर्ण सुधारकांचा कार्यक्रम झाला होता. केंद्रीय विधिमंडळात त्याविषयीचे विधेयक आले होते आणि देऊळ उघडायचे की नाही हे स्थानिक सवर्णांच्या बहुमतावर सोपवले जात होते. १४ फेब्रुवारी १९३३ च्या निवेदनात आंबेडकरांनी या विधेयकाला पाठिंबा देण्याचे नाकारले. अस्पृश्यता हे पाप आहे असे ते विधेयक म्हणत नाही, ही त्यांची मुख्य हरकत होती. हक्क म्हणून मागितलेली गोष्ट कृपा म्हणून देऊ केली जात होती. दार तेच राहिले, त्याचा अर्थ बदलला.

तेव्हा लेखकापुढचा पेच असा : ज्या देवाचे दर्शन आता नको आहे, त्याच्या दारात पाच वर्षे बसण्याची गोष्ट कशी सांगायची? १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर तर हा पेच अधिकच घट्ट झाला. नंतरच्या दलित कवितेने रामाच्या संदर्भात जे नाव उचलले ते शंबूकाचे. उंबरठा सोडून ती ग्रंथाकडे गेली, दर्शनाची मागणी सोडून तिने उलटतपासणी सुरू केली. हा प्रवास वैचारिकदृष्ट्या सुसंगत आहे. मात्र त्यात नाशिकची माणसे निसटली. शंबूक हा एकटा, तपस्वी, मारला गेलेला असा आहे. चार दरवाजांपाशी बसलेले दीडशे जण एकटे नव्हते, तपस्वी नव्हते आणि मारले गेले नाहीत. ते संध्याकाळी उठत असतील, भाकरी खात असतील, दुसऱ्या तुकडीशी जागा बदलत असतील. शोकात्म प्रतीकाला असला तपशील मानवत नाही.

या पेचातून प्रत्यक्ष वाट काढली ती साहित्येतर समजल्या गेलेल्या रूपांनी. पहिले रूप पत्राचे. आंबेडकर–गायकवाड पत्रव्यवहार आजवर इतिहासाचे साधन म्हणून वाचला गेला, वाङ्मयप्रकार म्हणून त्याच्याकडे क्वचितच कोणी पाहिले. वास्तविक लांबलेल्या निषेधाचे स्वाभाविक रूप पत्र हेच आहे. पत्राला शेवट नसतो. दोन पत्रांमधला काळ कोरा असतो आणि तो कोरेपणा वाचकाला जाणवतो. पैसे, माणसे, तारखा, वकील, आजारपण, रुसवे यांना पत्रात जागा असते. नेता दूर आहे आणि कार्यकर्ता दारापाशी आहे, या अंतरामुळे दोघांनाही लढ्याचा अर्थ पुन्हा पुन्हा शब्दांत मांडावा लागतो. १९३४ चे ते पत्र महत्त्वाचे ठरते ते यामुळेही. कार्यकर्त्याने पुढील कार्यक्रमाविषयी केलेल्या पृच्छेला दिलेल्या उत्तरातून चळवळीचे तत्त्वज्ञान बाहेर पडते, अध्यक्षीय भाषणातून नव्हे.

दुसरे रूप आंबेडकरी जलशाचे. सत्यशोधक जलशांची परंपरा घेऊन ही मंडळी उभी राहिली आणि त्यांतील एक प्रमुख शाहीर भीमराव कर्डक हे नाशिक जिल्ह्याचेच. त्यांचे ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. तमाशाच्या चौकटीतील गण आणि गौळण यांचा आशय बदलून, संवाद, विनोद आणि पदे यांच्या आधाराने वाचता न येणाऱ्या श्रोत्यापर्यंत चळवळीचा अर्थ पोचवणे हे जलशाचे कार्य होते. समीक्षेने जलशाला ‘प्रबोधन’ या खान्यात टाकले आणि तेथेच सोडले. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब निराळी आहे. जलसा हे पुनरावृत्तीचे रूप आहे. तोच प्रवेश आज या गावी, उद्या त्या गावी होतो. ऐनवेळचे शब्द बदलतात, सांगाडा कायम राहतो. रोज त्याच दारापाशी बसण्याची कृती आणि रोज तोच प्रवेश नव्या गावात करण्याची कृती यांत एक आंतरिक नाते आहे. पुनरावृत्तीचा कंटाळा येऊ न देता तिची ताकद करणे हे जलशाला साधले होते आणि छापील कथेला साधले नव्हते. याच जिल्ह्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी ही गाणारी परंपरा पुढे किती व्यापक केली हे सर्वश्रुत आहे.

मग त्या काळचे ललित साहित्य काय करत होते? फडके–खांडेकरांच्या निमित्ताने कला आणि जीवन यांचा वाद याच दशकात रंगला. जीवनवादाच्या पक्षानेही नाशिकच्या दाराला आपल्या युक्तिवादाचे केंद्र केले नाही, एवढे नोंदवून पुढे जाता येईल. एका ग्रंथाचा विचार मात्र थांबून करावा लागतो. ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या दिवसांत साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली ती नाशिकच्या तुरुंगात. आंबेडकरांच्या उपरोल्लिखित निवेदनाची तारीख तिच्या लगेच दुसऱ्या दिवशीची आहे. हा योगायोगच, पण बोलका. या पुस्तकात आई श्यामला एका वृद्ध महार स्त्रीच्या डोक्यावर मोळी चढवून द्यायला पाठवते आणि आल्यावर आंघोळ करायला सांगते. प्रसंग कोकणातला, श्यामच्या बालपणीचा. त्यातील कारुण्य खोटे नाही. आईच्या स्वभावाची आणि काळाच्या मर्यादेची सांगड गुरुजींनी प्रामाणिकपणे घातली आहे, ती आंघोळ त्यांनी लपवलेली नाही. परंतु प्रसंगातील कर्तेपण कोणाकडे आहे ते पाहावे. म्हातारी थांबलेली आहे, श्याम जातो. थांबलेल्या व्यक्तीला करुणेचा विषय होण्यापलीकडे भूमिका नाही. तुरुंगाबाहेर, त्याच शहरात, नेमकी थांबलेलीच माणसे इतिहास घडवत होती. पुढे १९४७ च्या मे महिन्यात गुरुजींनी पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरासाठी दहा दिवसांचे उपोषण केले आणि ते दार उघडले. त्या उपोषणाची थोरवी मान्य करूनही दोन कृतींतील भेद पुसता येत नाही. पंढरपुरात ज्याला आत जाता येत होते त्याने देह झिजवला, नाशकात ज्यांना आत जाता येत नव्हते ते बसले. पहिल्या कृतीला मराठी साहित्याने भरभरून शब्द दिले, कारण त्यासाठी लागणारी करुणेची भाषा संतकाळापासून तयार होती.

कुसुमाग्रजांचे प्रकरण थोडे वेगळे आहे. १९३२ मध्ये, विद्यार्थिदशेत, वि. वा. शिरवाडकर या सत्याग्रहात सहभागी झाले होते. दहा वर्षांनी ‘विशाखा’ आली. त्या संग्रहात बंदिवानांचा जयजयकार आहे, गुलाम आहे, लिलाव आहे, अत्याचारी सत्तेविरुद्धची आग आहे. मात्र अनुभवाचे विशिष्ट स्थळ तेथे वैश्विक प्रतीकांत वितळले आहे. रोमँटिक क्रांतिकवितेला गर्जना हवी असते, दारापाशी बसलेला माणूस तिला परवडत नाही. गमतीचा भाग असा की देवळाची प्रतिमा त्यांच्याकडे परत आली ती पुष्कळ उशिरा, ‘गाभारा’ या कवितेत, आणि तीही उपरोधाच्या सुरात. तेथे देव निघून गेला आहे आणि गाभारा शाबूत आहे. आत कोणाला जाता येत नाही, हा प्रश्न तेथे आत कोण उरले आहे, या प्रश्नात रूपांतरित झालेला दिसतो. येवल्याच्या घोषणेने हीच उलथापालथ राजकीय पातळीवर १९३५ मध्ये केली होती.

ज्या लेखकाने नाशिकचा अनुभव मराठी कथेच्या गाभ्यात नेला त्याने काळारामाचे नावही घेतले नाही, असे विधान धाडसाचे वाटेल. बाबूराव बागूल यांचा जन्म सत्याग्रहाच्या पहिल्याच वर्षी, जुलै १९३० मध्ये, नाशिकजवळच्या विहितगावात झाला. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहातील शीर्षककथा गुजरातेतील रेल्वे कामगारांच्या वस्तीत घडते. निवेदक नोकरीवर रुजू होतो आणि राहायला जागा शोधू लागतो. जागेच्या प्रश्नाला जोडून जातीचा प्रश्न येतो. या कथेवर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण बहुतेक विवेचनांचा रोख शेवटच्या मारहाणीवर असतो, म्हणजे न्देबेले ज्याला देखावा म्हणतात त्यावर. कथेचा खरा ताण त्याआधीच्या पानांत आहे. निवेदक आत शिरला आहे. बंद दार त्याने ओलांडले ते जात न सांगण्याच्या किमतीवर. त्यामुळे आत असूनही तो सतत दारापाशीच आहे. त्याला मिळणारा आदर, त्याच्या कवितेचे होणारे कौतुक, घरी येण्याची निमंत्रणे ही सारी त्याला बाहेर ढकलू शकणाऱ्या क्षणाच्या प्रतीक्षेने ग्रासलेली आहेत. समोर काशिनाथ हे पात्र आहे. तो जात लपवत नाही आणि म्हणून शस्त्र बाळगून वावरतो. एक उंबरठ्याच्या आत राहून थांबला आहे, दुसरा उंबरठ्याबाहेर ठाम उभा आहे. अखेरीस निवेदक मार खातो तेव्हा तो मारणाऱ्यांना दोष देत नाही, मनूला देतो. या शेवटाला काहींनी विचारप्रधान, म्हणून उपरा म्हटले आहे. तसे म्हणणे पटत नाही. १९३० मध्ये दारापाशी बसलेल्यांचा वादही पुजाऱ्याशी किंवा दगड मारणाऱ्याशी नव्हता. दार ज्याने बंद केले तो समोर दिसत नाही, हे त्या कथेचे ज्ञान आहे आणि ते वाट पाहण्यातून आलेले आहे.

येथे एक धोका स्पष्टपणे नोंदवला पाहिजे. वाट पाहण्याला मूल्य दिले की त्याचे रूपांतर सोशिकतेच्या गौरवात होण्यास वेळ लागत नाही, आणि सोशिकतेचा गौरव करणारे सवर्ण साहित्य मराठीत उदंड आहे. श्री. म. माटे यांच्या ‘उपेक्षितांचे अंतरंग’सारख्या (१९४१) मनःपूर्वक लिहिलेल्या पुस्तकालाही त्याची बाधा काही ठिकाणी होतेच. विद्रोहाची परिभाषा दलित समीक्षकांनी आग्रहाने पुढे आणली ती याच सोशिकतेच्या स्तुतीविरुद्ध, आणि तो आग्रह ऐतिहासिकदृष्ट्या रास्त होता. म्हणून सोसणे आणि ठाण मांडणे यांतील भेद काटेकोरपणे राखावा लागेल. सोसणारा आपल्या जागी असतो, ठाण मांडणारा त्याला मनाई केलेल्या जागी असतो. नाशकातील तुकडीने केलेली कृती जागेची होती. ती माणसे जिथे बसली तिथे त्यांनी बसू नये, एवढाच वहिवाटीचा आग्रह होता. त्यांच्या बसण्याने दरवाजे बंद ठेवावे लागले, म्हणजे काहींना बाहेर ठेवण्यासाठी सर्वांनाच बाहेर ठेवण्याची पाळी पुजाऱ्यांवर आली. विद्रोहाची व्याख्या आवाजाच्या पट्टीवरून न करता अशा जागेच्या उल्लंघनावरून केली, तर ‘गोलपिठा’ आणि जलसा, बागुलांची कथा आणि गायकवाडांना आलेली पत्रे एकाच विचारव्यूहात वाचता येतील.

या वाचनात सर्वांत मोठा अडथळा पुराव्याचा आहे आणि तो स्त्रियांच्या बाबतीत अधिक जाणवतो. पहिल्या तुकडीतील २५ स्त्रियांचा आकडा प्रत्येक चरित्रात येतो. आकड्यापुढे कथन सरकत नाही. त्या कोणत्या दरवाजापाशी बसल्या, लहान मुले कोणाकडे ठेवून आल्या, रामनवमीच्या दगडफेकीत कोठे होत्या, हे विचारण्याची गरज चरित्रकारांना भासली नाही. १९८९ मध्ये ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ प्रसिद्ध झाले तेव्हा आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचे कर्तृत्व त्यांच्याच तोंडून ऐकण्याचा पहिला सुसंघटित प्रयत्न मराठीत झाला. त्या ग्रंथाचा उत्तरार्ध मुलाखतींवर आधारलेला आहे. अशा निवेदनांत संसार आणि सत्याग्रह वेगळे पडत नाहीत. सभेला जाण्यासाठी घरातली कामे कधी उरकली हे सभेत काय झाले याच्याइतक्याच महत्त्वाने येते. समाजशास्त्राने या मजकुराचा उपयोग केला, स्त्रीअभ्यासाने केला. मराठी विभागांच्या अभ्यासक्रमात मात्र तो ‘संदर्भग्रंथ’ म्हणून यादीच्या शेवटी जातो आणि आत्मकथनाच्या प्रश्नपत्रिकेत ‘बलुतं’ आणि ‘उपरा’ यांच्यापुढे पोचत नाही. तो तेथे पोचवायचा असेल तर, ज्या निवेदनात ठळक काहीच घडत नाही त्याचे विश्लेषण कोणत्या शब्दांत करायचे, हे विद्यार्थ्याला आधी शिकवावे लागेल. वेदना, नकार आणि विद्रोह हे तीन शब्द लिहून त्याची उत्तरपत्रिका पुरी होणार नाही.